दही चांगलं होतं

तेजस्विनी पितळेचं भांडं बोटाच्या पेराने वाजवून पाहते. आवाज लांबला तर पत्रा एकसंध आहे. मध्येच तुटला तर कुठेतरी चीर आहे. हे तिला आनंदरावकाकांनी, तिच्या वडिलांनी शिकवलं. त्यांचं भंडाऱ्याच्या बाजारात भांड्यांचं जुनं दुकान आहे. आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो. मी साहित्य शिकत राहिले. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना काकांना लकवा मारला. शेवटचा पेपर देऊन ती परस्पर दुकानात गेली आणि गादीवर बसली.

काका अजूनही दुकानात येतात. त्यांचा उजवा हात हलत नाही. नवीन माल आला की ती एकेक भांडं त्यांच्या डाव्या हाताजवळ नेते. ते पेर मारतात, ऐकतात, मान हलवतात. मग तीही मारते. खरं तर तिला विचारायची गरज नसते.

ती उंच आहे, आवाज मोठा आहे, गिऱ्हाईकाशी भांडताना हसते. धाकटी बहीण डिंपल मोबाइल धरते आणि तेजस्विनी भांड्यांवर बोलते. असे तिचे व्हिडिओ नागपूर-पुण्यापर्यंत पाहतात. पितळेच्या भांड्यात जेवायची हौस लोकांना पुन्हा आली आहे. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ती एकच गोष्ट सांगायची. मला ती पाठ झाली होती.

"भांडं पितळेचं घ्या, पण आतून कल्हई पाहून घ्या. कल्हई नसन तर त्यात आंबट ठेवू नका. ताक नाही, चिंच नाही, टमाटर नाही. कळकते."

कळकते म्हणजे काय ते आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. उघड्या पितळेत आंबट पदार्थ राहिला की त्यात तांबं उतरतं. चव नाणं चाटल्यासारखी होते. काठाला हिरवट रेघ येते. असा पदार्थ फेकून देतात.

मागच्या उन्हाळ्यात डिंपलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा सिहोऱ्याचा, घरची धानाची शेती, स्वतः बँकेत. त्याचे वडील हिरालालजी हे मोठं प्रस्थ. बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी दुकान पाहिलं. जाताना म्हणाले, तुमच्याकडचा कार्यक्रम म्हणजे झगमग असणार. ते सहज बोलले असतील. तेजस्विनीने ते मनावर घेतलं.

तिने सगळा कार्यक्रम पितळेत करायचं ठरवलं. पाण्याचे गुंड, परातीतल्या जिलब्या, ताटं, वाट्या. मठ्ठ्यासाठी तिने दुकानाच्या माळ्यावरून आजोबांच्या वेळचा गंज काढला. गंज म्हणजे रुंद तोंडाचं मोठं भांडं. हा इतका मोठा की त्यात लहान मूल बसेल. आतली कल्हई जागोजागी उडाली होती, राखाडी डाग दिसत होते. नवी कल्हई केली असती तर आतून पांढरा दिसला असता. तिला तो सोन्यासारखा हवा होता. म्हणून तिने तो आतून बफच्या चाकावर घासून घेतला, उरलीसुरली कल्हईही गेली. मठ्ठा स्टीलच्या पातेल्यात करायचा आणि ते पातेलं गंजात ठेवायचं, असं तिने योजलं होतं. वरून पितळ, आत स्टील. यात गैर काही नव्हतं. हॉटेलवाले असंच करतात.

दही सुमनबाईंचं. सुमनबाई कारध्याच्या. नदीच्या पलीकडून दह्याची कॅन घेऊन आमच्या गल्लीत येतात. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांचंच दही आमच्या घरी. पूर्वी पुलावरून पायी यायच्या. मुलगा कैलाश ऑटो चालवायला लागल्यापासून तो त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडतो. गडी बोलका. साक्षगंधाच्या दिवशी तो दही घेऊन आला आणि तिथेच थांबला, वाढायला माणूस हवा होता म्हणून. मी पानं मांडत होते. कॅन हातात असतानाच त्याने गंजात वाकून पाहिलं आणि तेजस्विनीला विचारलं.

"ताई, यात मठ्ठा ठेवता का पाहुण्याईले तोंड पाहाले ठेवलं?"

"तू दही उतरव आधी. तोंड पाहाले तुह्या ऑटोले आरसा हाय ना?"

"तो फुटला जी. माहं तोंड पाहूनच फुटला."

ती हसली. त्या दिवसात ती हसलेली मी पाहिली ती एवढीच.

सिहोऱ्याहून फोन आला की आणखी एक गाडी येते आहे. मठ्ठा वाढवला. तो स्टीलच्या पातेल्यात मावेना. दुसरं पातेलं भाजीला लागलं होतं. मी तेव्हा मांडवात होते. स्वयंपाकाच्या जागी काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तिने पातेलं गंजातून बाहेर काढलं. मठ्ठा सरळ गंजात ओतला, बर्फ टाकला, वर ओलं फडकं बांधलं. पाहुणे येतच आहेत, आले की लगेच पंगत बसेल, तोवर काय होतं, असं तिला वाटलं. एवढंच. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, तुला आठवलं नाही का? ती म्हणाली, आठवलं. ओततानाच आठवलं.

पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली. ते आले तेव्हा दुपार कलली होती. मग हिरालालजी म्हणाले, आधी विधी, मग जेवण. विधी लांबला. फोटो लांबले. मठ्ठा फडक्याखाली तसाच होता. तिने मधे दोनदा तिकडे पाहिलं, असं डिंपल सांगते. उठून गेली नाही. मंडपभर लोक त्या गंजाचे फोटो काढत होते.

जेवताना कोणीतरी म्हणालं, मठ्ठ्याला कसातरी स्वाद आहे. दुसरं कोणी म्हणालं, काळं मीठ जास्त पडलं. ऊन इतकं होतं की सगळे प्याले.

पहिली उलटी हिरालालजींच्या बहिणीला झाली, तोवर वाढणारेही जेवायला बसले होते. मग एका मुलीला. मग ओळीने. लोक पोट धरून भिंतीला टेकले. तोंडात पाणी सुटत होतं, सगळे थुंकत होते. एका म्हाताऱ्या बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर ओघळ पडला. त्यात हिरवट निळी छटा होती. ती मी पाहिली आणि मला काहीच कळलं नाही. तेजस्विनीने पाहिली. ती माझ्या शेजारी उभी होती. तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. मला वाटलं तिलाही मळमळतंय.

वाढणारे सगळ्यात शेवटी जेवतात. कैलाशच्या वाट्याला गंजाच्या तळाचा मठ्ठा आला होता, सगळ्यात जास्त वेळ पितळेला लागून राहिलेला. दिवसभर उन्हात धावला होता. ग्लासामागून ग्लास प्याला. आणि मग लोकांना दवाखान्यात न्यायला त्यानेच ऑटो काढला. एक खेप, दुसरी खेप. त्याच्याही पोटात ढवळलं, रस्त्यात एकदा उलटी झाली. गाडी चालवायची म्हणून त्याने मेडिकलमधून उलटी थांबायची गोळी घेतली. पाण्याशिवाय गिळली आणि पुन्हा आला.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यांनी काय खाल्लं? मठ्ठा, असं सगळे म्हणाले. हिरालालजींनी विचारलं, दही कोणाचं? आनंदरावकाकांच्या तोंडून नाव निघालं. सुमनबाईंना बोलावून आणलं. त्या पदराने तोंड पुसत आल्या. हिरालालजी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. घाणेरडी भांडी, म्हशीच्या गोठ्यातली माणसं, असं बरंच.

"माह्या दह्यानं असं कधी झालं नाही जी," सुमनबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "उन्हाचं काई सांगता येत नाही. झालं बी असन."

त्यांनी ते स्वतःवर घेतलं. तेजस्विनी दोन पावलांवर होती. तिने भिंतीवरचा कसलातरी फलक वाचायला घेतला.

घरी येऊन तिने गंज धुतला. आतून तो स्वच्छ होता, चिंचेने घासल्यासारखा. काठाखाली हिरवी रेघ होती. ती तिने राखेने घासून काढली. डिंपल मागे उभी होती. तिला सांगावं लागलं नाही, तीही त्याच घरातली.

"ताई, आत्ता कोणाले सांगू नको," डिंपल म्हणाली. "एकडाव लग्न होऊ दे. दही खराब निघालं असंच म्हणून राहिले सारे. म्हणू दे."

तेजस्विनी गंज पुसत राहिली. त्याचा अर्थ हो असाच होता.

दुसऱ्या दिवशी बहुतेक लोक घरी गेले. गल्लीतल्या बायकांनी घरातलं दही मोरीत ओतलं. आमच्या आईनेही ओतलं. सुमनबाई दोन दारांवर जाऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. डोक्यावरची कॅन जड दिसत होती.

कैलाशने त्या दिवशी ऑटो काढला नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली होती. तो कोणाला बोलला नाही. संध्याकाळी सुमनबाईंनी त्याचे डोळे पाहिले, ते पिवळे होते. ओठ मात्र पांढरे. उठायला गेला आणि खाली बसला. शेजाऱ्यांनी त्याला पुलावरून भंडाऱ्याला आणलं.

हे डॉक्टर आदल्या दिवशीचे नव्हते. तरुण होते, नीट बघणारे. त्यांनी पिशवीतला त्याचा आदल्या दिवशीचा शर्ट पाहिला. उलटीचा डाग वाळला होता, निळसर. त्यांनी सुमनबाईंना विचारलं, घरात मोरचूद आहे का? मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा खडा, फवारणीला वापरतात. सुमनबाई नदीकाठी वांगी लावतात. त्या म्हणाल्या, हाय. पडवीत पुडी हाय. डॉक्टरांनी आणखी विचारलं, घरात काही झालं होतं का, मुलगा नाराज होता का? मग नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं.

ही बातमी आम्हाला कळायच्या आधी गल्लीत पोहोचली. आणि सिहोऱ्यालाही. हिरालालजींनी फोनवर काकांना सांगितलं की आता उलगडा झाला. त्या पोरानेच मठ्ठ्यात काहीतरी कालवलं, आणि आता भिऊन स्वतः घेतलं. काका हो-हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी तेजस्विनीकडे पाहिलं. ती म्हणाली, मी दवाखान्यात जाऊन येतो. मी तिच्यासोबत गेले. मी समजत होते की तिला त्या माणसाची काळजी आहे. काळजी होतीच.

वॉर्डाच्या दाराजवळच्या खाटेवर कैलाश होता. हाताला सलाईन. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर एक हवालदार बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. हळू आवाजात विचारत होता, काहून घेतलं, कोणाचं काही लफडं, कोणाची धमकी? कैलाश डोळे मिटून म्हणत होता, नाही घेतलं. पुन्हा तेच. नाही घेतलं जी. त्याची जीभ जड झाली होती. तो दर वेळी थोडं हळू बोलत होता.

सुमनबाई उशाशी उभ्या होत्या. त्यांनी हवालदाराकडे पाहिलं, मग मुलाकडे. मग त्या वाकल्या. त्याच्या केसांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं,

"सांग ना बापा. काय दुख होतं तुले? मले काहून नाही सांगितलं?"

कैलाशने डोळे उघडले. आईकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे केलं.

माझ्या बाजूला तेजस्विनी होती. तिच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. ती तिने खाली ठेवली.

"त्यानं काही नाही घेतलं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला, वॉर्डातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "मी पाजलं. गंजाले कल्हई नव्हती. मले माहीत होतं. मठ्ठा मीच ओतला."

हवालदाराला कळलं नाही. त्याने विचारलं, कसला गंज? तिने पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. बफ, स्टीलचं पातेलं, बर्फ, फडकं, काठावरची रेघ, राख. तिने डिंपलचं नाव घेतलं नाही. मी ऐकत होते आणि माझे कान तापले. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते. ती सांगत असलेली बाई मला ओळखता येत नव्हती.

परिचारिकेने डॉक्टरांना बोलावलं. ते सगळं ऐकून घेऊन खुर्चीवर बसले. रागावले नाहीत. तांब्याच्या विषावरचं औषध त्यांनी अंदाजाने सुरू केलंच होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं, सुमनबाईंना कळेल अशा शब्दांत. आंबट ताकाने पितळेतलं तांबं विरघळतं. ते पोटात गेलं की पोटाचं अस्तर चिडतं आणि शरीर ते बाहेर फेकायला बघतं. उलटी हाच शरीराचा पहिला बचाव. बाकीच्यांनी लगेच आणि भरपूर ओकून टाकलं. हा जास्त प्याला, याने गोळी घेऊन उलटी थांबवली आणि वरून हा उन्हात फिरला. आत राहिलेलं तांबं रक्तात गेलं. तिथे ते लाल पेशी फोडतं. त्यातून याच्या रक्तात जन्मापासून एक उणीव असावी, तिच्यामुळे पेशी लवकर फुटतात. आपल्या भागात ती पुष्कळांना असते, कोणाला ठाऊकही नसते. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो, डोळ्यांत उतरतो. तोच गाळ मूत्रपिंडात अडकतो. आता भीती मूत्रपिंडाची आहे. नागपूरला न्यावं लागेल.

"म्हंजे दही?" सुमनबाईंनी विचारलं.

"दही चांगलं होतं," डॉक्टर म्हणाले.

सुमनबाईंनी मान हलवली. तेजस्विनी त्यांच्या पायाशी वाकायला गेली. त्या पाय मागे घेत म्हणाल्या, राहू दे बाई. मग त्या मुलाच्या बाजूला गेल्या, जिकडे त्याचं तोंड होतं तिकडे. त्याने डोळे मिटून घेतले होते.

त्या रात्रीच कैलाशला नागपूरला हलवलं. रक्त चढवलं, काही दिवस यंत्रावर ठेवलं. तो वाचला. हे मी आधीच लिहून टाकते.

तेजस्विनीने घरी काकांना सांगितलं. लकव्यानंतर त्यांचे शब्द अडखळत येतात. हे मात्र सरळ आले.

"साऱ्या दुनियेले सांगत होती ना तू. आपल्याच घरी काहून नाही सांगितलं?"

सिहोऱ्याला तिने स्वतः फोन केला. हिरालालजींनी ऐकून घेतलं आणि ठेवला. पुन्हा त्यांच्याकडून काही आलं नाही. होकार नाही, नकारही नाही. डिंपल तिच्याशी बोलत नाही. एकाच खोलीत झोपतात दोघी.

मग तिने एक गोष्ट केली. ती मला सांगायला आली तेव्हा मी तिला थांबवायचा प्रयत्न केला. मला तिची लाज वाटत होती आणि तिच्याबरोबर दारोदार जायची त्याहून जास्त. पण गेले. सुमनबाई जिथे जिथे दही देत असत, त्या प्रत्येक घरी ती गेली. दारात उभी राहायची. आत या म्हटलं तरी जायची नाही.

"सुमनबाईचं दही चांगलं होतं. भांडं माहं कळकलं. लोकं माह्यानं आजारी पडले. कैलाशनं काही घेतलं नाही, काही कालवलं नाही."

दर घरी हेच. एका काकू म्हणाल्या, जाऊ दे पोरी, होते असं. ती म्हणाली, होत नाही काकू, मी केलं. एका घरी म्हातारे आजोबा हसले, बर्तनवाल्याच्या पोरीनं कळकवलं म्हणून. ती उभी राहून ते हसणं संपेपर्यंत थांबली. एकीने दार लावलं. बंद दारासमोर तिने सगळं पूर्ण सांगितलं. शेजारच्या खिडकीत लोक आले होते. आमच्या घरीही ती आली. माझी आई तिच्यासमोर दही ओतल्याचं बोलली नाही. पाणी देऊ का म्हणाली. तिने नको म्हटलं.

पाऊस सुरू झाला तेव्हा कैलाशला घरी सोडलं. तेजस्विनी कारध्याला गेली. मीही गेले. अंगणात धानाची पेंढी भिजत पडली होती. ऑटो ताडपत्रीखाली उभा होता. कैलाश पडवीत बाजेवर होता. खूप वाळला होता, गालाची हाडं वर आली होती. तेजस्विनीला पाहून तो उठून बसला.

"या ताई," तो म्हणाला. "तुमचं काही नाही माह्या मनात. तुमी चुकल्या, तुमीच सांगितलं." सुमनबाई चहा घेऊन आल्या. त्याच्याजवळ कप ठेवला. त्याने तो घेतला नाही. त्या आत गेल्यावर घेतला.

निघताना सुमनबाई आमच्याबरोबर पांदीच्या वाटेपर्यंत आल्या. गल्लीतलं दही पुन्हा सुरू झालं होतं. बायकांनी स्वतःहून निरोप धाडले होते. तेजस्विनी म्हणाली, मावशी, मी आणखी काय करू सांगा. मी करतो.

सुमनबाईंनी थोडा वेळ विचार केला. खरंच विचार केला, काहीतरी सापडतं का ते पाहिल्यासारखा.

"माह्या पोराले मीच विचारलं बाई, का तू जहर काहून घेतलं म्हणून," त्या म्हणाल्या. "साऱ्या वॉर्डासमोर. तो म्हणून राहिला होता नाही घेतलं, आन् मले त्याचं खरं नाही वाटलं. तवापासून तो माह्याशी बोलत नाही. याले काय करता तुमी?"

सुमनबाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. त्या रागाने विचारत नव्हत्या. पावसाची सर आली तशी त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि घराकडे वळल्या. पडवीतून कैलाश त्यांना येताना बघत होता. त्या जवळ आल्या तसा तो बाजेवर आडवा झाला आणि त्याने पांघरूण ओढून घेतलं.